१९६७ ची एमजीबी: इंजिनात आधी काय काय बदललं गेलंय, हे ओळखायचं कसं?

सेमिनरी_१८जीबी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपुरात असलेल्या १९६७ च्या एमजीबी रोडस्टरबद्दल (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विचारतो आहे. आधीच्या मालकाने इंजिनात बरंच काम करून घेतलंय, पण एकही बिल किंवा चिठ्ठी नाही. बाहेरून दिसतं ते असं: ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट केलेल्या पट्टीवर १८जीबी-यू-एच. दोन एसयू कार्ब्युरेटर, त्यांच्यावर चपटे गोल फिल्टर. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी पाइपचा तीन फाट्यांचा मॅनिफोल्ड. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (स्पार्कसाठी करंट तोडणारे यांत्रिक संपर्क) नाहीत, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे.

आयडलिंग १,१०० च्या खाली उतरत नाही, उतरवलं की इंजिन हेलकावे खाते. सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घेतला की तडतड करून राहिली. दुपारी वर्धा रोडवर दोन-तीन सिग्नल लागोपाठ लागले की बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं उचलतच नाही. गरम इंजिनवर कॉम्प्रेशन: १६५, १६८, १६२, १६६ पीएसआय.

आत नेमकं काय आहे ते कसं शोधायचं? आणि वेबर ४५ कार्ब्युरेटर लावून फायदा होईल का?

---

पुशरॉड

वेबरचं नंतर पाहू. सध्या एकही नवा पार्ट घेऊ नका. चार बदल झालेल्या इंजिनावर पाचवा चढवला की दोष कुठल्या बदलाचा आहे, हे कधीच कळत नाही.

पट्टीचा अर्थ आधी लावा. १८जीबी म्हणजे पाच मेन बेअरिंगचं इंजिन. ऑक्टोबर १९६४ पासून आलं, त्याआधीची तीन बेअरिंगची. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, ८.८ ला १. मूळ मोजमाप: बोअर ८०.२६ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, १,७९८ सीसी. आता यातलं किती उरलंय ते शोधायचं आहे, कारण पट्टी फक्त कारखान्यातून काय निघालं एवढंच सांगते.

या बी सिरीजच्या हेडची रचना डोक्यात पक्की ठेवा. चार सिलिंडरला इनटेकची भोकं दोनच. १ आणि २ एका भोकातून श्वास घेतात, ३ आणि ४ दुसऱ्यातून. एक्झॉस्टची भोकं तीन, मधलं २ आणि ३ चं सामाईक. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे कार्ब्युरेटर थेट तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेले. सिग्नलवर बंद पडण्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

हेडच्या वरच्या बाजूला, रॉकर कव्हर काढल्यावर, ओतीव नंबर दिसेल. १२एच९०६ असेल तर त्या काळातलं मूळ हेड. १२एच२९२३ असेल तर ते १९७० च्या दशकातलं, मोठ्या इनटेक व्हॉल्वचं. आधीचा व्हॉल्व १.५६ इंची, नंतरचा १.६२५ इंची.

---

लेथ_हिंगणा

कॉम्प्रेशनच्या आकड्यावर थांबा जरा. या इंजिनाचा पुस्तकी आकडा साधारण १६० पीएसआय. तुमचे १६५ पाहून कोणीही म्हणेल की हेड मूळचंच आहे. पण आयडलिंगला हेलकावे म्हणजे कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) बदललेला असण्याची शक्यता मोठी. लांब कॅममध्ये, म्हणजे व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या, इनटेक व्हॉल्व उशिरा मिटतो, स्टार्टरच्या वेगाला पिस्टन वर येताना थोडं मिश्रण परत ढकलतो आणि गेज कमी आकडा दाखवतो. म्हणजे लांब कॅम असूनही १६५ येत असतील, तर खरा कॉम्प्रेशन रेशो ८.८ पेक्षा बराच वर गेलाय. तडतड तिथूनच येत असेल. आधी कॅम मोजा.

चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावून त्याचं टोक व्हॉल्वच्या स्प्रिंग रिटेनरवर सरळ उभं ठेवा, तिरपं बसलं की आकडा खोटा येतो. त्या व्हॉल्वचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) तात्पुरता शून्य करा आणि दोन पूर्ण फेरे फिरवा. मूळ कॅमला ९ ते ९.३ मिमी उचल मिळते. १० च्या आसपास आली तर कॅम नक्की बदललेला. आठही व्हॉल्व मोजा. एखादाच अर्धा मिलिमीटर कमी असेल तर तो लोब झिजतोय.

मूळ कॅमचं टायमिंगही लिहून ठेवा. इनटेक टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) १६ अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ५६ ला मिटतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ५१ आधी उघडतो, टीडीसीनंतर २१ ला मिटतो. एकूण २५२ अंश. डिग्री चकती क्रँक पुलीवर लावून तुमचे आकडे याच्याशी ताडून पाहा.

मोजून झालं की गॅप परत ०.०१५ इंचावर, थंड इंजिनावर. नऊचा नियम वापरा: ८ नंबरचा व्हॉल्व पूर्ण दाबला असताना १ चा सेट करायचा, ६ चा दाबलेला असताना ३ चा, ५ चा दाबलेला असताना ४ चा. बेरीज नेहमी ९. कॅम बाहेरचा निघाला तर गॅप त्या कॅमच्या कार्डाप्रमाणे लागतो, कार्ड नसल्यास ०.०१५ वरच ठेवलेलं बरं.

---

धंतोली_वायरमन

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल म्हटलंत म्हणून. १९६७ चं हे मॉडेल कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ होतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. मॉड्यूल बसवलं तेव्हा एक तर पॉझिटिव्ह अर्थचं घेतलं असेल किंवा गाडीच निगेटिव्ह अर्थ केली असेल. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत आहेत की १२ व्होल्टची एकच टाकलीय, आणि बॉडीला कोणतं टोक गेलंय, ते हात लावण्याआधी पाहा. उलट जोडलं तर मॉड्यूल पहिल्याच चावीला जळतं.

कॉइलच्या दोन टोकांत रेझिस्टन्स मोजा, ३ ओमच्या आसपास हवा. आजकाल मिळणारी दीड ओमची कॉइल बॅलास्टशिवाय (करंट कमी करणारा रेझिस्टर) लावली असेल तर मॉड्यूल तापतं आणि इंजिन गरम झाल्यावरच दगा देतं. तुमची सिग्नलवरची तक्रार पेट्रोलची आहे की करंटची, ते आधी वेगळं करा. बंद पडल्या पडल्या एक प्लग काढून स्पार्क पाहा. निळा आणि जाड असेल तर माझं काम संपलं, कार्ब्युरेटरवाल्यांना विचारा.

---

पुशरॉड

कॅम मोजता मोजता टायमिंगही तपासा. या इंजिनाच्या खुणा खालच्या बाजूला आहेत, वाकून पाहाव्या लागतात, त्यामुळे लोक कानाने टायमिंग लावतात. आणि पुलीवरच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १ नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) लावा, इंजिन दोन्ही दिशांनी फिरवून पिस्टन हलके टेकवा, दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारा.

मग व्हॅक्युमची नळी काढून बुजवा, टायमिंग लाइट लावा. १८जीबी हाय कॉम्प्रेशनला स्टॅटिक (इंजिन बंद असताना) १० अंश, ६०० आरपीएमला लाइटखाली १४. यापेक्षा महत्त्वाचा आकडा ३,५०० ते ४,००० मधला एकूण ॲडव्हान्स, म्हणजे टीडीसीच्या किती अंश आधी स्पार्क पडतो तो. तो ३२ च्या आसपास थांबला पाहिजे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, डिस्ट्रिब्युटर उलट्या घड्याळाने फिरतो.

---

सेमिनरी_१८जीबी

मोजलं. आठही व्हॉल्वची उचल १०.० ते १०.१ मिमी. इनटेक बीडीसीनंतर ६६ अंशांना मिटतो. हेडचा नंबर १२एच९०६. गाडी निगेटिव्ह अर्थ केलेली आहे, कॉइल ३.१ ओम, बंद पडल्यावर स्पार्क निळा आणि जोरदार.

टायमिंग: स्टॅटिक १०, पण ३,८०० ला ४२ अंश.

आणि प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक भिंगाखाली पाहिलं. १ आणि ४ जवळजवळ स्वच्छ. २ आणि ३ वर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक काळे ठिपके, मध्ये एक-दोन चकचकीत कण.

---

लेथ_हिंगणा

तो चकचकीत कण ॲल्युमिनियमचा आहे, म्हणजे पिस्टनचा. नॉकिंग (तीच तडतड) होऊन पिस्टनचा माथा खरवडला जातोय. २ आणि ३ वरच का, तर त्यांचं मधलं एक्झॉस्ट भोक सामाईक, तिथे हेड सगळ्यात जास्त तापतं. आता गाडी चढावर नेऊच नका.

---

पुशरॉड

४२ अंश! गुन्हेगार सापडला. रोटर काढा, बेस प्लेट उचला, खाली वजनांच्या वर असलेल्या डिस्ट्रिब्युटरच्याच छोट्या कॅमच्या पट्टीवर एक आकडा कोरलेला असतो. तो डिस्ट्रिब्युटरचे अंश सांगतो, क्रँकवर त्याच्या दुप्पट. या गाडीला १० चा हवा, म्हणजे क्रँकवर २०, अधिक स्टॅटिक १०, एकूण ३०. तुमचं गणित सांगतंय की तिथे १६ असणार. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा डिस्ट्रिब्युटर बसवलाय. लुकासचे डिस्ट्रिब्युटर बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून हा घोळ सर्रास होतो.

बरेच जण इथे स्टॅटिक टायमिंग शून्यावर आणतात. तडतड थांबते, पण आयडलिंगला आग उशिरा लागते, उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि हेडमध्ये जाते, आणि नागपूरच्या मे महिन्यात रेडिएटर उकळतो. योग्य उपाय म्हणजे ॲडव्हान्सची हद्द बांधणं. पट्टीच्या थांब्याच्या टोकावर पितळेचा थेंब ब्रेझ करून कानशीने घासत आणा, ११ अंशांवर थांबेल इतकाच. १० अधिक २२, एकूण ३२. दर वेळी घासल्यावर बसवून लाइटखाली मोजा. एकदम घासून जास्त गेलं तर पुन्हा ब्रेझिंग.

---

वाफारा

स्पार्क चांगला म्हणजे आता माझं काम. बंद पडल्यावर पुढच्या फ्लोट चेंबरचं झाकण उघडून पाहा, पेट्रोल निम्म्याहून खाली गेलेलं असेल. ४४-४५ अंशांच्या दुपारी बॉनेटखाली गाडी थांबली की मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं, पाइपमध्ये वाफ अडकते. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डला उष्णता सोडायला वेळ लागायचा. पातळ पाइपचा मॅनिफोल्ड ती लगेच फेकतो.

आधी पाहा की कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टच्या मधला पत्र्याचा हीट शील्ड आहे का. मॅनिफोल्ड बदलताना बहुधा तोच काढून टाकतात. जुन्या शील्डच्या आतला थर ॲस्बेस्टॉसचा असतो, तो कोरडा खरवडू नका. ओला करून काढा, तोंडाला मास्क लावून, आणि ॲल्युमिनियम-सिरॅमिक चटई लावा. कार्ब्युरेटर आणि इनटेकमधले बेकलाइटचे ठोकळे तडकलेले नाहीत ना, तेही पाहा. पेट्रोलचा पाइप रॉकर कव्हरला टेकून जात असेल तर दूर घ्या. मूळ एसयू पंप मागे, ॲक्सलजवळ आहे, तिथेच राहू द्या. पुढे गरम जागेत कोणताही पंप बसवू नका. त्याचा दाब साधारण ३ पीएसआय, एवढाच या कार्ब्युरेटरना सोसतो.

आता पेट्रोल. पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच हवेला साधारण ८ टक्के जास्त पेट्रोल लागतं. कार्ब्युरेटरची जुनी सुई (जेटमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारी) तशीच ठेवली तर मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रणाने तापमान अजून वाढतं. १८जीबीची मूळ सुई ५ नंबर, जाड मिश्रणाची ६, पातळची २१. सुई काढा, शँकवर नंबर कोरलेला असतो. उघडे फिल्टर, पाइपचा मॅनिफोल्ड आणि इथेनॉल असताना ५ नंबर निघाली तर ती पातळच पडणार. ६ पासून सुरुवात करा.

सुई बदलताना तिचा खांदा कार्ब्युरेटरच्या पिस्टनच्या तळाशी सपाट बसवायचा. १९६७ च्या या कार्ब्युरेटरची सुई पक्की आहे, स्प्रिंगवाली नाही, म्हणून जेट मध्यावर आणावा लागतो. जेटखालचा मोठा नट सैल करा, ॲडजस्टिंग नट स्प्रिंगशिवाय पूर्ण वर घ्या, पिस्टन वरून हलकेच दाबून धरा आणि मोठा नट आवळा. बोटाने पिस्टन उचलून सोडला की 'टक्' असा कोरडा आवाज आला पाहिजे. मऊ बसला तर सुई घासतेय, पुन्हा करा. मग ॲडजस्टिंग नट १२ चपट्या, म्हणजे दोन फेरे, खाली. डॅम्परमध्ये २० ग्रेडचं तेल, पिस्टनच्या पोकळ नळीच्या १३ मिमी वर येईपर्यंत.

इंजिन गरम करून कार्ब्युरेटरचा पिस्टन ०.८ मिमी उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, बंद पडायला लागलं तर पातळ, क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. पण थ्रॉटलचा आडवा दांडा झिजलेला असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते, कारण तिथून हवा शिरते. दांडा हाताने वरखाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर आधी बुश बदला.

रबराचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या आर९ दर्जाचे घ्या. जुना पाइप आतून सोलला जातो आणि त्याचे काळे तुकडे फ्लोटच्या नीडल व्हॉल्वमध्ये अडकतात.

---

जरीपटका_६८

तरी पण वेबर लावलं तर मोकळी होईल ना गाडी? काहून सगळे नको म्हणता?

---

पुशरॉड

भाऊ, वेबर ४५ चांगलंच कार्ब्युरेटर आहे. पण इनटेकची भोकं दोन, त्यातून दोन दोन सिलिंडर आळीपाळीने ओढतात. तिथे दोन एसयू जे देतात त्यापेक्षा रस्त्यावरच्या वेगाला फारसं जास्त मिळत नाही. फायदा वरच्या आरपीएमला, लांब कॅमसोबत. आणि जेट लावायला एअर-फ्युएल मीटर हवाच. अंदाजाचा आरंभ असा: ३४ मिमी चोक, मेन जेट चोकच्या चौपट म्हणजे १३५, एअर जेट त्याहून ५० जास्त. हा फक्त आरंभ, त्यापुढे दोन-तीन दिवस जेट बदलत बसावं लागतं. लावलंच तर रबरी ओ-रिंग आणि स्प्रिंग वॉशरवर मोकळं बसवा, वॉशरच्या वेटोळ्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून. घट्ट आवळलं की इंजिनाच्या कंपनाने फ्लोटमध्ये फेस होतो.

या गाडीला आज ते नकोच.

---

गिरीपेठ_कागदपत्र

थोडं कागदाचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणून मूळ बिडाचा मॅनिफोल्ड, मूळ एअर फिल्टरचे डबे मिळाले तर जपा. ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी इंजिन नंबरच्या पट्टीचा फोटो काढा आणि रासायनिक टाकीत टाकताना ती सुटून हरवणार नाही हे पाहा. वेगळंच इंजिन टाकलं तर ते आरसीवर चढवावं लागतं, मग पाटी एमएच ३१ ची असो की ४९ ची.

---

सेमिनरी_१८जीबी

डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीवर खरंच १६. सुई ५ नंबर. हीट शील्ड नाही.

हेड उतरवलं. पिस्टनवर +०४० कोरलेलं. हेडच्या एका चेंबरमध्ये ब्युरेटने ३९.५ सीसी पातळ तेल मावतं. पिस्टनची वाटी ६.५ सीसी, टीडीसीला पिस्टन ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून ०.५ मिमी खाली. एक्झॉस्टच्या सीटला वेगळी रिंग बसवलेली दिसते, इनटेकला नाही.

---

लेथ_हिंगणा

उत्तम मोजमाप. सीटच्या रिंगा म्हणजे कोणीतरी शिशाविना पेट्रोलसाठी विचार केला होता. त्या नसत्या तर एक्झॉस्ट व्हॉल्व सीटमध्ये खचत गेला असता आणि टॅपेट गॅप दर हजार किलोमीटरला आपोआप कमी होत गेला असता.

आता गणित. +०४० म्हणजे ०.०४० इंच मोठा बोअर, ८१.२८ मिमी, १,८४५ सीसी, एका सिलिंडरला ४६१.२. वर उरणारी जागा: चेंबर ३९.५, दाबलेलं हेड पॅकिंग सुमारे ४.४, वाटी ६.५, अर्ध्या मिलिमीटरचे २.६. बेरीज ५३. म्हणजे (४६१.२ + ५३) भागिले ५३, ९.७ ला १. हेड फेसिंग करताना जास्त घेतलंय.

इंग्लंडच्या थंडीत हा आकडा चालतो. बिडाचं हेड, नागपूरचा उन्हाळा आणि हा कॅम असताना मी ९.२ च्या वर जाणार नाही. त्यासाठी वरची जागा ५६.२ हवी, म्हणजे ३.२ सीसी वाढवायची. जाड पॅकिंग टाकू नका. त्याने पिस्टन आणि हेडमधली दाबाची फट वाढते, मिश्रण नीट घुसळत नाही आणि तडतड तशीच राहते. हृदयाच्या आकाराच्या या चेंबरच्या भिंती व्हॉल्वच्या कडेला अगदी चिकटून आहेत. तिथून धातू काढा, चेंबर ४२.७ होईल आणि व्हॉल्वला श्वासही मोकळा मिळेल. पॅकिंग हेडवर ठेवून त्याच्या भोकाची रेघ आखा, त्या रेघेपलीकडे ग्राइंडर जाता कामा नये. दोन व्हॉल्वमधली चोच मात्र कापू नका, फक्त तिची धारदार कडा अर्धा मिलिमीटर गोल करा, कारण धार लाल होऊन स्पार्कआधीच मिश्रण पेटवते. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारखे हवेत. काम सुरू करण्याआधी डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून व्हॉल्वच्या मधल्या पुलावर क्रॅक नाही ना, ते पाहा. क्रॅक असेल तर या हेडवर पैसे घालू नका.

---

पुशरॉड

हेड परत चढवताना: ११ नट, मध्यापासून बाहेर, २५, मग ४५, मग ६८ न्यूटन-मीटर. रॉकरचे चार छोटे नट ३४. लक्षात ठेवा, रॉकरच्या खांबांतून हेडचेच चार स्टड जातात, म्हणून पुढे कधी रॉकर काढायचा तर आधी कूलंट उतरवायचं, नाहीतर ते सिलिंडरमध्ये शिरतं.

थर्मोस्टॅट ८२ चा असेल तर नागपूरला ७४ चा घाला, कारखान्याने उष्ण प्रदेशासाठी तोच दिला होता. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. तेल २०डब्ल्यू-५०, पण डब्यावर जुन्या पेट्रोल इंजिनांचा दर्जा पाहून, ज्यात झिंक पुरेसं आहे असं. नव्या गाड्यांसाठीचं कमी झिंकचं तेल सपाट टॅपेटच्या कॅमला पुरत नाही. गरम इंजिनाला चालू रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय दाब हवा, आयडलिंगला १० ते २५.

---

सेमिनरी_१८जीबी

डाय मारला, क्रॅक नाही. हेड उद्या हिंगण्याला जातंय, पॅकिंगची रेघ आखून. ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे ते थंड इंजिनावर की गरम?

---

पुशरॉड

थंडवर. रात्रभर उभी राहू द्या. एका वेळी एकच नट पाव फेरा सैल करून ६८ ला आणायचा, मग पुढचा. अकराही झाले की टॅपेट पुन्हा, कारण हेड थोडं खाली बसतं आणि गॅप बदलतो.